वर्गात एकदा कापसाचा सौदा होऊ द्या

यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा इथल्या महाविद्यालयांत बीबीए, एमबीए, एम.कॉम. शिकवणाऱ्या प्राध्यापकांना आणि तिथे शिकणाऱ्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे. ‘व्यवसाय धोरण’ हा विषय यंदा गाइडमधून उरकू नका. स्वॉटचे चार चौकोन पाठ केले की पेपर सुटतो, पण उद्या दुकान, कारखाना किंवा शेतकरी उत्पादक कंपनी हाती आली तर ते चौकोन काय कामाचे? निर्णय घेण्याचा सराव निर्णय घेऊनच होतो.

हार्वर्डने शंभर वर्षांपूर्वी व्यवसायाचं शिक्षण केस-चर्चेवर उभं केलं. त्याच हार्वर्डच्या सहकार्याने १९६१ साली अहमदाबादला आयआयएम सुरू झालं आणि ती पद्धत आपल्याकडे रुजली. केस म्हणजे एखाद्या धंद्याची खरी हकिकत, पण निर्णयाच्या क्षणी थांबलेली. पुढे काय करायचं ते वर्गाने ठरवायचं. आपल्याकडे केस शिकवतात, नाही असं नाही. पण ती बहुधा परदेशी कंपनीची असते आणि उत्तर सरच सांगून टाकतात. मग तो धडाच होतो.

केस शोधायला लांब जायची गरज नाही. राळेगाव किंवा पांढरकवड्याच्या रस्त्यावरची कुठलीही जिनिंग घ्या. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलोच्या आसपास सरकी निघते. समजा, मालकाने ७,२०० रुपयांनी कापूस घेतला आणि सरकीला ३,५०० रुपये क्विंटल भाव आहे. सरकीचे २,२४० रुपये सुटले. उरलेले ४,९६० रुपये रुईतून निघायला हवेत, म्हणजे किलोला १४६ रुपये, खंडीला सुमारे ५२ हजार. यात मजुरी, वीज, बँकेचं व्याज अजून धरलेलंच नाही. आता सरकी क्विंटलमागे ३०० रुपयांनी पडली, तर त्याच मालकाला रुई खंडीमागे दोन हजारांनी महाग विकावी लागते. रुईचा भाव सगळे बघतात. सरकी-ढेपेच्या बाजाराकडे नवख्याचं लक्षच जात नाही. हे गणित फळ्यावर मुलांनीच मांडायचं, सरांनी नाही.

मग प्रश्न विचारा : उद्या सकाळी तुम्ही काय कराल? खेडा खरेदी वाढवाल की थांबाल? रुई लगेच विकाल की धराल? की स्वतःची खरेदी कमी करून सीसीआयच्या कापसाची जिनिंग करून द्याल? चर्चा रंगात आली की एक चिठ्ठी वाचून दाखवा : १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत काढलं, आणि पुढे ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. इकडे २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झालेला. आधी ठामपणे बोललेल्या पोरांना आपलं मत तपासावं लागेल. ज्यांच्या घरी चुकाऱ्याची वाट बघण्यात दिवाळी गेली आहे, ती मुलं या चर्चेत सरांपेक्षा जास्त बोलतील. बोलू द्या, आणि वऱ्हाडीत बोलू द्या.

सिम्युलेशन म्हटलं की प्राचार्य विचारतात, सॉफ्टवेअरला पैसे कुठून आणायचे? लागत नाहीत. एमआयटीत १९६० च्या दशकात ‘बिअर गेम’ नावाचा खेळ तयार झाला. तो पटावर, कागदाच्या चिठ्ठ्यांवरच खेळला जाई. आपण त्यात बिअरऐवजी डीएपीची पोती घेऊ. चार गट करा : घाटंजीचं कृषी केंद्र, यवतमाळचा होलसेलर, नागपूरचा वितरक आणि कारखाना. पोतं म्हणून सरकीचा एकेक दाणा. प्रत्येक फेरी म्हणजे एक आठवडा. मागणीची चिठ्ठी वर जायला वेळ लागतो, माल खाली यायला आणखी दोन आठवडे. पडून राहिलेल्या पोत्याला एक रुपया खर्च, न पुरवलेल्या मागणीला दोन. गटांनी आपसात बोलायचं नाही.

पहिले चार आठवडे शेतकरी चार-चार पोती मागतो, पाचव्यापासून आठ, आणि शेवटपर्यंत आठच. एवढाच बदल. तरी कृषी केंद्र घाबरून बारा मागतं, होलसेलर वीस, आणि कारखान्यापर्यंत तीस-चाळीसची चिठ्ठी पोचते. काही फेऱ्यांनी सगळ्यांकडे माल तुंबतो. खेळ संपल्यावर प्रत्येक गटाला विचारा, शेतकऱ्याची मागणी कशी बदलली असेल? बहुतेक जण मोठी लाट काढून दाखवतील. मग खरा आलेख काढा, चारवरून आठवर गेलेली एक पायरी. खरिपाच्या तोंडावर टंचाईच्या भीतीने दुप्पट मागणी नोंदवणारा दुकानदार कुणाला आठवला नाही तर सांगा.

इथे एक सावधगिरी पाळा. खेळायला जितका वेळ दिला तितकाच चर्चेला द्या. खेळ झाला आणि टाळ्या वाजवून वर्ग सुटला तर तास फुकट गेला. तसंच अंतर्गत गुणांतले काही गुण या चर्चेसाठी ठेवा. गुण नसतील तर केस वाचून कुणी येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. वर्ग मोठा असेल तर निम्मे खेळतील, निम्मे नोंदी ठेवतील.

जिल्ह्यात विषयांची वाण नाही. १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी योजना, कापसाच्या जिल्ह्यात उभा राहिलेला रेमंडचा डेनिम कारखाना, वणीच्या कोळशावर चालणारी वाहतूक. प्रत्येक तुकडीने वर्षाला एक केस लिहिली तरी पाच वर्षांत यवतमाळचं स्वतःचं पुस्तक होईल.

आणि शेवटची विनंती जिनिंगवाल्यांना, कृषी केंद्रचालकांना, निवृत्त बँक अधिकाऱ्यांना. आपल्या एखाद्या जुन्या हंगामाचे आकडे, नावगाव झाकून, जवळच्या महाविद्यालयाला द्या. ज्या दिवशी त्यावर चर्चा असेल त्या दिवशी मागच्या बाकावर येऊन बसा, मुलांचं ऐका, आणि तुम्ही खरं काय केलं होतं ते सगळ्यात शेवटी सांगा.