कच्चा माल, पक्की मिळकत

यवतमाळचा कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरमार्गे मुंबईस व तेथून मँचेस्टरला गेला. वस्त्राचा नफा तिकडेच राहिला. बॅटरीच्या युगात विदर्भाच्या मँगनीजचे असे होऊ नये. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे ‘मॉइल’ खनिजावर प्रक्रिया करून बॅटरीसाठी मँगनीज डायऑक्साइड बनवते. खरी मिळकत अशा कारखान्यांत आहे; मात्र त्यांना कुशल हात हवेत.

यवतमाळने ती तयारी वणीच्या कोळशातून करावी. २०१५ च्या कायदादुरुस्तीनुसार जुन्या खाणपट्टाधारकांस स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते. कौशल्यविकासासाठी तिचा विनियोग करता येतो. कोळसा हे मुद्दल आहे. ते रोज घटते. त्यातून रसायन व धातुशास्त्र जाणणारे तरुण घडले, तरच ते सार्थकी लागेल.