ट्रंपेटला तेल कोण घालणार?

२६ जानेवारीच्या संचलनात ट्रंपेटचा एखादा सूर अडला की पाहणारे म्हणतात, मुलाचा सराव कमी पडला. पुष्कळदा दोष मुलाचा नसतो, व्हॉल्व्ह अडकलेला असतो. १५ ऑगस्टनंतर वाद्ये कपाटात जातात ती थेट जानेवारीतच बाहेर निघतात. तोवर नळीत राहिलेल्या ओलाव्याने पितळेवर हिरवा थर चढतो आणि पिस्टन जागच्या जागी चिकटतो.

ट्रंपेटला तीन व्हॉल्व्ह असतात. बोटाने दाबला की फुंकरीला जास्तीच्या नळीतून वळसा पडतो आणि सूर उतरतो : पहिल्याने एक स्वर, दुसऱ्याने अर्धा, तिसऱ्याने दीड. पिस्टनभोवतीची फट केसाच्या जाडीहूनही कमी असते. त्या फटीत तेलाचा पातळ थर हवा. त्याने पिस्टन हलका चालतो आणि हवाही गळत नाही.

आता घरगुती उपायांविषयी. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठते. ग्वाल्हेरच्या जानेवारीत त्याचे काय होते ते आपापल्या घरच्या बाटलीत बघावे! सरसोंचे तेल (इथे मोहरीचे कोण म्हणतो?) काही दिवसांत चिकट होते. पितळेच्या पॉलिशमध्ये घासणारी पूड असते. ती आत गेली की पिस्टन झिजतो. पाहुणे येणार म्हणून आपण वाद्ये बाहेरून लखलखीत करतो, आत कोणी डोकावत नाही.

व्हॉल्व्ह ऑइल वेगळे मिळते, तेच वापरावे. टोपी सैल करून पिस्टन सरळ वर ओढावा, चार-पाच थेंब सोडावेत, परत घालून खाचेत ‘टक’ असा बसेपर्यंत हळूच फिरवावा. १, २, ३ हे आकडे पाहूनच. अदलाबदल झाली तर फुंकर पुढे जातच नाही. सरकत्या नळ्यांना मात्र तेल नको, ग्रीस लागते.

हे काम बँड मास्तरांचे किंवा शिपाईदादांचे नव्हे, वाजवणाऱ्या मुलाचेच आहे. महागडे वाद्य मुलांना उघडू देऊ नये असे काही पालक म्हणतात. भीती रास्त आहे; पिस्टन फरशीवर पडला तर वाकतो. पण टेबलावर जाड कापड अंथरून शिकवता येते, आणि व्हॉल्व्ह जड झाला हे सर्वांत आधी वाजवणाऱ्याच्याच बोटाला कळते.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. नवे ट्रंपेट देणारे दाते भेटतात, कारण त्यावर नाव कोरता येते. तेलाच्या बाटलीवर कोणाचे नाव कोरणार? म्हणून तेल, ग्रीस आणि दुरुस्तीची रक्कम वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावी. ती मंजूर होईपर्यंत एकही नवे वाद्य घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, फुंकण्याआधी चूळ भरा. समोशाचे कण व्हॉल्व्हला मुळीच मानवत नाहीत. दर शनिवारी शेवटच्या तासिकेला वाद्यांचे कपाट उघडे राहील, बँडचा कार्यक्रम असो वा नसो. पुसायला सुती कापड घरून आणा, जुनी बनियनही चालेल.