बंद गिरणी आणि हजेरीपट

मुंबईच्या बंद गिरण्यांना गेल्या काही वर्षांत एक नवाच प्रेक्षकवर्ग लाभला आहे. पडक्या भिंती, भिंतींतून फुटलेले पिंपळ आणि गंजलेले खांब टिपण्यासाठी कॅमेरे घेतलेले तरुण आत शिरतात. कुलाब्याच्या समुद्रकाठची मुकेश मिल 1982 साली आगीत सापडून बंद पडली. पुढे तिच्या भिंतींपुढे कित्येक चित्रपटांची चित्रीकरणे झाली आणि तेथे भुते वावरतात अशी दंतकथाही रूढ झाली. भुतांच्या कथेचा एक फायदा असतो: गिरणी कोणामुळे ओस पडली, हे मग कोणी विचारीत नाही.

वास्तविक, डोळे उघडे ठेवून जाणाऱ्याला या आवारात पुष्कळ काही वाचता येते. साचेखात्याचे छप्पर करवतीच्या दातांसारखे असते. त्याच्या काचा उत्तरेकडे, म्हणजे ऊन थेट न येता दिवसभर सारखा उजेड मिळावा आणि तुटलेला धागा विणकराला दिसावा. कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून तेथील हवा मुद्दाम दमट ठेवली जाई. सुताची ही काळजी घेतली जात असताना कामगाराच्या फुप्फुसात कापसाची धूळ साठत होती. जमिनीत ओळीने दिसणारी भोके म्हणजे साचे घट्ट बसविण्याच्या जागा होत. साचे भंगारात गेले, भोके राहिली. या भोकांवरून एका खात्यात किती साचे होते हे आजही मोजता येते, आणि त्यावरून किती माणसे उभी होती याचा अंदाजही बांधता येतो.

हे भग्नावशेष काळाच्या ओघात आपोआप निर्माण झाले, असे मानण्याची चूक मात्र कोणी करू नये. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी सुरू केलेला संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. त्या काळी लागू असलेल्या 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच प्रातिनिधिक संघटनेला मान्यता दिलेली होती. बहुसंख्य कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नसतानाही वाटाघाटींचा हक्क तिच्याकडेच राहिला. त्यानंतर जमिनीचा अध्याय सुरू झाला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा ढोबळमानाने एकतृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एकतृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी ठरविली. 2001 साली त्यात दुरुस्ती झाली: वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करावयाची, इमारतीखालच्या जमिनीची नव्हे. ज्या साचेखात्यात एकही साचा उरलेला नव्हता, ते खाते बांधकाम म्हणून हिशेबातून वगळले गेले! ते पाडल्यावर मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरावी, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली दिला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. गिरणगावातील सुमारे सहाशे एकरांपैकी शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याला किती थोडे आले, याचे उत्तर या एका शब्दखेळात आहे.

गिरणीच्या आवारात खरी मोलाची वस्तू चिमणी नव्हे, ती टाइम ऑफिसात असते. घरासाठी अर्ज करणाऱ्या कामगाराला 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी तिकीट, प्रवेशपास, पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा अथवा राज्य विम्याचा क्रमांक अशी कागदपत्रे मागितली जातात. संपात खोली सोडून कोकणात किंवा घाटावर गेलेल्या कुटुंबाच्या पत्र्याच्या पेटीत हे कागद चाळीस वर्षे टिकावेत, ही अपेक्षा करणाऱ्यांनी पावसाळ्यातले कोकण पाहिलेले नसावे. बदली कामगाराची स्थिती आणखी बिकट; कायम कामगाराचा खाडा पडेल त्या दिवशीच त्याला काम, त्यामुळे त्याची नोंदही तुटक. अशा माणसाचा, आणि आता बहुधा त्याच्या वारसांचा, आधार म्हणजे हजेरीपट आणि पगारपत्रक. ते कोठे आहेत? कोठे मालकाच्या गोदामात, कोठे गळक्या छपराखाली, कोठे साच्यांबरोबर रद्दीत. 2012 साली 6,925 घरांची सोडत निघाली तेव्हा अर्जदार सुमारे दीड लाख होते. घरेच अपुरी असताना कागदाअभावी होणारी अपात्रता शासनाला सोयीची ठरते, असा संशय आल्यावाचून राहत नाही.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याची योजना महापालिकेने आखली. संग्रहालयास विरोध करण्याचे कारण नाही. कामगारांच्या नातवंडांनी साचा पाहावा हे योग्यच. परंतु तलावावरील कारंज्याचा विचार ज्या तत्परतेने होतो, त्याच तत्परतेने दप्तराचा का होऊ नये? कोणत्याही गिरणीचे बांधकाम पाडण्यास परवानगी देण्यापूर्वी तिचे सर्व हजेरीपट व पगारपत्रके सार्वजनिक अभिलेखागारात जमा करण्याची अट पालिकेने घातली पाहिजे, आणि त्यांच्या प्रती कामगारांना विनामूल्य मिळाल्या पाहिजेत. दप्तर नष्ट झाले असेल तेथे पुराव्याचा भार वृद्ध कामगारावर न टाकता, ते ज्याच्या ताब्यात होते त्याच्यावर टाकावा. दरम्यान, लालबाग, परळ, वरळी आणि भायखळा येथील कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील बंद गिरणीचे दप्तर आज कोणाच्या ताब्यात आहे याची यादी पावसाळ्यापूर्वी तयार करून म्हाडा आणि कामगार आयुक्त या दोघांकडेही लेखी सादर करावी व तिची पोच घ्यावी.