'सर्पदंशावर उपचार उपलब्ध' म्हणजे नेमकं काय उपलब्ध?

पावसाळा लागला की राहुरी परिसरात सर्पदंशाची भीती वाढते. रात्रीची लाईट, उसाला दारं धरायला गेलेला माणूस आणि पायाखाली न दिसलेलं जनावर. अशा वेळी हल्ली घरातलं कुणीतरी मोबाईलवर जवळचं हॉस्पिटल शोधतं. एका नावापुढे लिहिलेलं असतं, 'सर्पदंशावर उपचार उपलब्ध', आणि गाडी तिकडे निघते. आज मला या एका ओळीबद्दल बोलायचं आहे.

आपल्याकडे मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. लोक ज्याला 'सापाची लस' म्हणतात ते प्रतिविष या चारही विषांवर एकच असतं. पण उपचार तेवढ्यावर संपत नाही. घोणस चावली तर रक्त गोठणं बिघडतं. ते पाहायला काचेच्या कोरड्या नळीत रक्त २० मिनिटं न हलवता ठेवतात. किडनीवर परिणाम झाला तर डायलिसिस लागतं. नाग किंवा मण्यार चावला तर श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात, मग व्हेंटिलेटर हवा. शिवाय प्रतिविषाचीच जोरदार रिअॅक्शन येऊ शकते, ती सांभाळणारा डॉक्टर जवळ हवा. आता सांगा, 'उपचार उपलब्ध' यातलं काय काय धरून लिहिलं आहे? कपाटातल्या चार बाटल्या की सगळा अतिदक्षता विभाग?

हा प्रश्न संगणकवाल्यांनाही जुनाच आहे. टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात 'सिमँटिक वेब'ची कल्पना मांडली. इंटरनेटवरची माहिती यंत्रांनाही अर्थासकट कळावी, अशी ती कल्पना. त्यातलं पहिलंच उदाहरण दवाखान्याचं आहे: आईला फिजिओथेरपी हवी आहे, आणि मुलांचे संगणकच योग्य ठिकाण शोधून वेळ ठरवतात. त्यासाठी त्या विषयात कोणत्या गोष्टी आहेत आणि त्यांचं एकमेकींशी नातं काय, हे यंत्राला काटेकोर सांगावं लागतं. या मांडणीला ऑन्टॉलॉजी म्हणतात. शब्द अवघड आहे, काम आपल्या भावकीच्या वंशावळीसारखं आहे.

शब्दांचा भाग बराचसा सुटला आहे. आपल्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. यंत्राला ते झाडाचं पान वाटेल. पण स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या संग्रहात प्रत्येक संकल्पनेला एक क्रमांक असतो आणि त्याला अनेक नावं जोडता येतात. भारत २०१४ पासून त्या संस्थेचा सदस्य आहे, आणि देशातलं त्याचं काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये चालतं. तिथे 'पान लागलं' जोडणं तत्त्वतः शक्य आहे.

सेवेचं तसं नाही. माझ्या मते इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. हॉस्पिटल देतं ती उपचाराची सेवा. ॲप किंवा यादी देते ती माहितीची सेवा. पहिली काल रात्री संपलेली असू शकते आणि दुसरी 'आहे' म्हणतच राहते. म्हणून माहितीच्या सेवेची व्याख्या करताना तीन गोष्टी सक्तीच्या हव्यात: नेमकी कशाची माहिती, ती कोणी दिली आणि शेवटची कधी तपासली. तारीख नसलेलं 'उपलब्ध' मी तरी यादीत ठेवणार नाही.

देशाच्या डिजिटल आरोग्य मिशनमध्ये आरोग्य संस्थांची नोंदवही आहे, तिथे हा विचार आत्ताच व्हायला हवा. नोंदी एकदा भरल्या की बदलायला कोणी बसत नाही, हे आपल्याला सातबाऱ्यावरून ठाऊक आहे.

छोट्या हॉस्पिटलवाल्यांची तक्रार मला मान्य आहे: रोज साठा कोण भरणार? माणसं आधीच कमी. पण त्यासाठी 'होय' आणि 'नाही' यांच्या शेजारी 'माहीत नाही' हा तिसरा रकाना ठेवता येतो. सिमँटिक वेबच्या तर्काचा नियमच आहे की जे लिहिलेलं नाही ते 'नाही' समजायचं नाही, ते अज्ञात समजायचं. ठरावीक दिवसांत नोंद ताजी झाली नाही, तर 'होय' आपोआप 'माहीत नाही' व्हावं. दवाखान्याला कमीपणा येत नाही आणि नातेवाईक निदान फोन तरी करतात.

तोपर्यंत यादीवर विसंबू नका. जखम कापू नका, घट्ट आवळू नका, रुग्णाला चालवू नका, १०८ ला फोन करा. गाडी निघाल्यावर वाटेतूनच हॉस्पिटलला विचारा: प्रतिविष आत्ता शिल्लक आहे का? डॉक्टर आत्ता हजर आहेत का? व्हेंटिलेटर रिकामा आहे का, नसेल तर पुढे कुठे पाठवाल? 'या, बघू' एवढंच उत्तर आलं, तर गाडी चालू ठेवूनच दुसरा नंबर लावा.