दंड कीं दंडाचा मक्ता?

रस्त्यांत केर टाकणारास शासन करण्याजोगा कायदा आपल्या देशांत नाहीं, असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं. सन १८६० च्या दंडसंहितेंत सार्वजनिक उपद्रवास २०० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेनें आपल्या २९२ व्या कलमांत ही मर्यादा १,००० रुपयांवर नेली. मुंबई महानगरपालिकेनें २००६ सालीं स्वच्छतेचे उपविधि करून केर टाकणें व थुंकणें यांस २०० रुपये दंड ठरविला. असें असतां रस्ते गलिच्छ कां?

'दंड वाढवा' हें उत्तर तोंडपाठ झालें आहे. आम्हांस तें मान्य नाहीं. पांच हजारांचा दंड कागदावर निजून राहिला, तर चुकतां न येणाऱ्या दोनशें रुपयांइतकाहि त्याचा धाक बसत नाहीं. धाक रकमेचा नसून खात्रीचा असतो. आणि दंड घेणाराविषयीं लोकांस विश्वास नसेल, तर त्या खात्रीसहि जुलमाचें रूप येतें.

मुंबईचा अनुभव हेंच सांगतो. तेथें दंडवसुलीचें काम ठेकेदारांनीं नेमलेल्या 'क्लीन अप मार्शल' मंडळींकडे गेलें व वसुलींतील निम्मा हिस्सा ठेकेदाराचा ठरला. २००७ पासून सुरू-बंद होत आलेली ही योजना पैसे उकळण्याच्या तक्रारी वाढल्यावर एप्रिल २०२५ मध्यें पालिकेनेंच मोडली. हा प्रकार महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत महाल मक्त्यानें दिले जात, आणि मक्तेदाराची दृष्टि रयतेवर नसून वसुलीवर असे. ज्याची मिळकत अपराधावर अवलंबून, त्यास अपराध नाहींसा व्हावा असें कां वाटावें? आणि तो मोटारींतल्या शेटजीस अडविणार, कीं स्टेशनाबाहेर बावरून उभ्या असलेल्या खेडुतास?

याहून बरी वाट आहे. सिंगापूरनें आपला कायदा केवळ दंडावर न ठेवतां १९९२ सालीं केर टाकणाराकडूनच सार्वजनिक जागा झाडून घेण्याची तजवीज केली. आमच्या नव्या संहितेनेंहि सामुदायिक सेवेस शिक्षांमध्यें स्थान दिलें आहे. परंतु ती मोजक्याच गुन्ह्यांस लागू असून २९२ व्या कलमांत तिचें नांव नाहीं. तें तेथें घातलें पाहिजे. कारण आमच्या घाणीचें मूळ आळसांत नाहीं. केर टाकणारा एक व उचलणारा जन्मानेंच दुसरा, या समजुतींत आहे. दोनशें रुपये फेंकून ही समजूत शाबूत राहते. केरसुणी हातीं घेतल्यावर राहत नाहीं. गाडगे महाराजांनीं गांवेंच्या गांवें झाडलीं, त्यांस त्यांत कमीपणा वाटला नाहीं.

पालिकेनेंहि आपलें कर्तव्य आधीं करावें. जागोजाग केराच्या पेट्या असाव्यात, दंडाची पै न् पै खजिन्यांत जावी, प्रत्येक दंडास पावती असावी व अन्याय झाल्यास दाद मागण्यास ठिकाण असावें. आणि दुकानाचा केर पायरीखालीं लोटून मग गादीवर बसणाऱ्या व्यापारी बंधूंस आमचें एवढेंच विचारणें आहे: पायरीखालचा रस्ता कोणाचा? त्यावरूनच आपलें गिऱ्हाईक येतें ना?