नळ आला, आता तो राखू या



मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला की आपल्या वस्त्यांतून एक बातमी हमखास कानावर येते : अमक्याच्या घरचा पाइप फुटला. देवळी असो, सेलू असो, हिंगणघाट असो की आर्वी. लोक म्हणतात, पाइपच हलका होता. कधी तसे असतेही. पण पाइप एका दिवसात फुटत नाही. तो वर्षभर कमजोर होत असतो आणि आपले लक्ष नसते.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आम्ही पाइप जेमतेम वीतभर खोल पुरला आणि नालीतून आडवा आणला. चार पैसे वाचले म्हणून खुश होतो. पावसाळ्यात नालीतला सांधा सैल झाला. पाणी गळू लागले तेव्हा सायकलचा ट्यूब गुंडाळला आणि विसरून गेलो. महिना-दीड महिन्याने घरातल्या मुलीला कावीळ झाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठले पिता?" मुलीची शाळा बुडाली, आमची मजुरी बुडाली आणि वाचवलेले पैसे औषधात गेले.

आपल्याकडे नळ चोवीस तास नसतो. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो आणि आत ओढ निर्माण होते. सांधा सैल असेल तर त्यातून नालीचे पाणी आत शिरते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गुंडात तेच येते. नळाला टिल्लू पंप लावला तर ही ओढ आणखी वाढते. शिवाय शेजाऱ्याचे पाणी तुटते ते वेगळेच. कावीळ, टायफॉईड, हगवण घरात येण्याची ही एक वाट आहे.

आता पाइप फुटतो का, ते पाहू.

पहिले कारण आपली काळी माती. उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात. पाऊस पडला की फुगते. पुरलेला पाइप तिच्याबरोबर ओढला जातो आणि सांध्यावर ताण येतो. दुसरे कारण ऊन. पांढरा पीव्हीसी पाइप उघड्यावर राहिला तर काही वर्षांत ठिसूळ होतो. तो उन्हाने वाढतोही. १० मीटर पाइप ३० अंशांनी तापला तर साधारण २ सेंटीमीटर वाढतो. दोन्हीकडून सिमेंटने जखडला असेल तर तो वाकतो किंवा तडकतो. तिसरे कारण गंज. लोखंडी पाइपाला जस्ताचा मुलामा असतो, पण आटे पाडले की तिथला मुलामा निघून जातो. म्हणून गंज बहुधा सांध्यापासून सुरू होतो. चौथे कारण धक्का. पाणी जोरात असताना तोटी झटक्यात बंद केली की पाइपात ठोका बसतो.

यावर उपाय आहेत आणि ते फार महाग नाहीत.

पाइप निदान दोन-तीन फूट खोल पुरावा. नालीच्या खाली चारेक इंच बारीक रेती किंवा गोटे काढलेला मुरूम अंथरावा, पाइपाच्या भोवतीही तोच भरावा, मग वर माती टाकावी.

एवढे वाचून गोंधळ नको : आधी म्हटली ती नाली सांडपाण्याची, ही पाइपाची चरी. सांडपाण्याच्या नालीतून पाइप कधीच नेऊ नये. नाली ओलांडावीच लागली तर पाइप मोठ्या पाइपाच्या आतून न्यावा आणि त्या भागात सांधा ठेवू नये. काळा एचडीपीई पाइप लवचीक असतो, जमिनीबरोबर थोडा वाकतो आणि उन्हातही जास्त टिकतो.

पीव्हीसी जोडताना टोक पुसून कोरडे करावे, सोल्युशन दोन्हीकडे लावावे आणि एक दिवस पाणी सोडू नये. रमाई घरकुल बांधत असाल तर भिंतीतून पाइप नेताना भोवती मोकळी जागा ठेवायला मिस्त्रीला सांगा. छतावरचा पाइप झाकावा किंवा त्याला फिका रंग द्यावा. तोटी हळू फिरवायची सवय मुलांना लावा. विहाराच्या अंगणात पिंपळ जरूर लावा, पण पाइपापासून दूर.

गळती शोधायची असेल तर रात्री सर्व तोट्या बंद करून टाकीतल्या पाण्याची खूण करा. सकाळी पाणी उतरले असेल तर कुठेतरी गळते आहे. एक लिटरचे माप गळतीखाली दहा मिनिटांत भरत असेल तर दिवसाला १४४ लिटर पाणी वाया जाते. जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झाले तेव्हा माणशी रोज ५५ लिटर हे माप ठरले. म्हणजे अडीच माणसांचे पाणी मातीत गेले! पाइप दुरुस्त झाला की सुरुवातीचे पाणी वाहू द्या आणि काही दिवस पाणी खळखळ उकळून प्या.

घरापर्यंतचा पाइप बहुधा आपला असतो, पण मुख्य लाइन ग्रामपंचायतीची किंवा नगर परिषदेची. आपला मोहल्ला अनेक गावांत लाइनच्या शेवटच्या टोकाला असतो. तिथे जोर कमी आणि औषधही कमी पोचते. म्हणून जलसुरक्षकाने ओटी तपासणी शेवटच्या नळावर करावी, असा आग्रह धरा. मुख्य लाइन गळत असेल तर तोंडी सांगून थांबू नका. अर्ज लिहा, पोच घ्या. विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर दहा जणींनी सह्या केल्या तर त्या अर्जाला वजन येते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यावर दावा झाला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! ते पाणी आज आपल्या दारात आले आहे. तथागतांनी अप्रमाद शिकवला, म्हणजे गाफील राहू नका. तो फक्त विहारात बसून पाळायचा नसतो. या रविवारी घरच्या सर्वांनी मिळून आपला पाइप तोटीपासून रस्त्यापर्यंत एकदा पाहून घ्यावा, एवढीच आमची विनंती.