भिसे खिंडीतले लोखंड कोणाचे?

जुन्या रेल्वे-अपघातांच्या जागी रुळांचे खिळे, फिशप्लेटी, डब्यांवरील क्रमांकपट्ट्या वेचून दिवाणखान्यात मांडण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत रुजलेला आहे. आपल्याकडील सुखवस्तू रेल्वेप्रेमींनाही त्याची ओढ लागावी यात नवल नाही. छंदाशी आमचे वैर नाही. परंतु पेण-रोहा मार्गावर ‘अवशेष’ हा शब्द उच्चारणाऱ्याने ४ मे २०१४ चा रविवार आठवावा. नागोठणे व रोहा यांच्या दरम्यान, भिसे खिंडीजवळ, दिवा-सावंतवाडी पॅसेंजरचे इंजिन आणि काही डबे घसरले. सुमारे वीस माणसे दगावली, शंभराहून अधिक जखमी झाली. ज्याला आरक्षण मिळत नाही वा परवडत नाही, त्या चाकरमान्याची ही गाडी. मधू दंडवते यांनी रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गाद्या घातल्या, त्या याच माणसासाठी.

आता न्याय पाहा. खिंडीलगतच्या वाडीवर एखाद्या कातकऱ्याच्या झोपडीत रुळाचा तुकडा सापडला, तर १९६६ च्या रेल्वे मालमत्ताविषयक कायद्यान्वये पाच वर्षांपर्यंत कैद. वस्तू सरळ मार्गाने मिळाली हे त्यानेच सिद्ध करावयाचे. तोच तुकडा काचेच्या कपाटात विराजमान झाला की त्याचे नाव ‘संग्रह’! आणि रेल्वे स्वतः? ती मोडके डबे भंगार म्हणून लिलावात काढते.

आम्ही उचलले नाही तर हे सारे भट्टीत जाईल, असे संग्राहक म्हणतात. म्हणणे अगदीच खोटे नाही. पण घरात गेलेला तुकडा त्या गाडीपासून आणि त्या चौकशीपासून तुटतो. अपघातस्थळीचा रूळ हा आधी पुरावा असतो, मग स्मरणवस्तू. चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त मुद्दाम नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली ठेवलेले आहेत, ते रेल्वेने स्वतःचाच न्याय करू नये म्हणून. मग त्यांचे निष्कर्ष तिकीट काढणाऱ्याला त्याच्या भाषेत का वाचता येऊ नयेत?

तेव्हा असे लोखंड कपाटात नको, लिलावातही नको. रोहा स्थानकात, फलाटावर, त्या मार्गावरील रुळाचा एक तुकडा, मृतांची नावे आणि अपघाताचे कारण मराठीत लिहिलेला फलक हवा. स्कॉटलंडमधील टे नदीवरचा पूल १८७९ साली गाडीसह कोसळला. ५९ मृतांची नावे कोरलेले स्मारक उभे राहावयास २०१३ साल उजाडले. पेण, नागोठणे व रोहा येथील प्रवाशांनी तितकी वाट पाहू नये. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागीय व्यवस्थापकांकडे ही मागणी लेखी नोंदवावी आणि उत्तरही लेखीच मागावे.